०.५ मोठं की ०.०५?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेली दोन-तीन वर्षं पेपर उघडला की ट्रिलियन हा शब्द दिसतोच. देशाची इकॉनॉमी पाच ट्रिलियन डॉलर, महाराष्ट्राची एक ट्रिलियन, आज या देशाला मागे टाकलं उद्या त्याला टाकणार. वाचून बरं वाटतं, का नाही वाटणार, मी स्वतः छोटा कारखाना चालवतो, देश वाढला तर माझ्या शेडमधेही एखादं मशीन वाढेल. पण या सगळ्या चर्चेत समृद्धी महामार्ग येतो, वाढवण बंदर येतं, डेटा सेंटर येतात, परदेशी कंपन्यांचे करार येतात, आणि तिसरी-चौथीचा वर्ग मात्र कुठेच येत नाही. शाळेची बातमी वेगळ्या पानावर आणि धंद्याची वेगळ्या पानावर. बावीस वर्षं मशीनवर माणसं उभी केल्यावर माझं मत असं झालंय की ही एकच बातमी आहे. का ते सांगायला हे पत्र लिहितोय, लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझं सातपूर एमआयडीसीत मशीन शॉप आहे. तीन सीएनसी लेथ आणि दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामवर धातू कापणारी मशीनं, एक जुना साधा लेथ, माणसं चोवीस. गाड्यांच्या कंपन्यांना जे पार्ट पुरवतात त्यांना आम्ही पार्ट पुरवतो, शाफ्ट, बुश, पिन वगैरे. पोरं येतात ती पेठ, सुरगाणा, दिंडोरी, त्र्यंबकची, काही नांदगाव-येवल्याकडची. जवळपास सगळे बारावी झालेले आणि निम्म्याहून जास्त जणांकडे डिग्री आहे. कागदावर बघितलं तर माझं शॉप म्हणजे एकदम शिकलेल्यांचं शॉप.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सुरगाण्याकडचा एक मुलगा ट्रेनी म्हणून लागला, बी.ए. सेकंड क्लास, वागायला अतिशय चांगला, वेळेवर येणारा, मोबाइलमधे डोकं न घालणारा. रात्रपाळीला शाफ्टचं काम होतं, २५ मिलिमीटर डाया म्हणजे व्यास, अधिक-उणे वीस मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तर वीस मायक्रॉन म्हणजे ०.०२ मिलिमीटर, एवढीच सूट. आता इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, जसजसा झिजतो तसतसा जॉब, म्हणजे तयार होणारा नग, हळूहळू जाड यायला लागतो, त्यात काही विशेष नाही, ऑपरेटरने मोजायचं आणि जेवढा जाड येतोय तेवढं मशीनच्या ऑफसेटमधे उणे टाकायचं. जॉब आला २५.०५. टाकायचं होतं उणे ०.०५. त्याने टाकलं उणे ०.५. पुढचे सगळे जॉब जवळजवळ अर्धा मिलिमीटर बारीक. जाड राहिलेल्या जॉबवर परत एक पास मारता येतो, बारीक झालेला मात्र थेट भंगारात जातो, त्याला काहीच करता येत नाही. पुढच्या मोजणीपर्यंत अठ्ठावीस शाफ्ट निघाले होते.

सकाळी मी शॉपवर पोचलो तेव्हा तो क्रेटजवळ उभा होता, डोळे लाल. मी रागातच होतो पण त्याचा चेहरा बघून थांबलो. त्याला कागदावर लिहून विचारलं, ०.५ मोठं की ०.०५? त्याने नीट विचार केला आणि बोट ठेवलं ०.०५ वर. म्हणाला, सर यात आकडे जास्त आहेत ना.

मला त्या क्षणी त्याचा राग येणं बंद झालं ते आजपर्यंत. पंधरा वर्षं हा मुलगा शाळा-कॉलेजात बसला. सात-आठ तरी शिक्षकांनी त्याला गणित शिकवलं असेल, दहावीला तो पास झाला, बारावीला पास झाला, युनिव्हर्सिटीने डिग्री दिली, आणि या सगळ्या प्रवासात एकाही माणसाने थांबून हे विचारलं नाही की बाबा रे तुला दशांश समजलाय का. तो गधडा होता असं कोणाला वाटत असेल तर पुढचं ऐका. आमच्या इन्स्पेक्शनला एक ताई आहेत, त्यांनी त्याला रुपये-पैशावर शिकवलं, ०.५ रुपये म्हणजे पन्नास पैसे, ०.०५ म्हणजे पाच पैसे, बाजारात कशाला जास्त माल येईल. दोन दिवसांत कळलं. मग अपूर्णांक, मग ड्रॉइंग वाचणं, मग त्रिकोणमितीतलं जेवढं लागतं तेवढं. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास, रोज. आज तो मुलगा माझा सेटर आहे, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारा. मागल्या वर्षी त्याने एका पार्टच्या प्रोग्राममधलं टूलचं हवेतलं फिरणं कमी केलं आणि तीन मिनिटं दहा सेकंदांचं काम दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर आणलं. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. पगार सुरू झाला होता तेव्हापेक्षा दुपटीच्या वर आहे आणि तो त्याने कमावलेला आहे, मी उपकार केलेले नाहीत.

आता यात बघा, मशीन तेच, वीज तीच, स्टील तेच, शेडचं भाडं तेच. वाढ कुठून आली? शिफ्टला तीस-एक नग जास्त निघतात ते कुठून आले? त्याच्या डोक्यातून. देशाची आर्थिक वाढ म्हणतात ती शेवटी अशीच होते, लाखो शेडमधे, शेतांमधे, दुकानांमधे, ऑफिसांमधे तेवढ्याच सामानातून थोडं जास्त, थोडं चांगलं निघायला लागतं. थिओडोर शुल्ट्झ नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते, १९७९ ला नोबेल मिळालं, त्यांनी हेच मांडलं की जमीन आणि यंत्रासारखंच माणसाच्या शिकण्यावर केलेला खर्च ही सुद्धा गुंतवणूक आहे. ते शेतीचा अभ्यास करणारे होते, त्यामुळे त्यांची मांडणी मला जास्त पटते, हवेतली वाटत नाही.

पण "शिक्षण वाढलं की देश वाढतो" एवढंच म्हणून थांबलं तर फसगत होते आणि आपली तीच झाली आहे. कारण शिक्षण मोजायचं कसं, शाळेत काढलेल्या वर्षांनी की डोक्यात गेलेल्या गोष्टींनी? वर्षांनी मोजलं तर माझा तो मुलगा पंधरा वर्षं शिकलेला. एरिक हनुशेक आणि लुडगर वोसमान या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पन्नास देशांची १९६० ते २००० अशी चाळीस वर्षांची वाढ तपासली, आणि गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांमधले मार्क शेजारी ठेवले. निघालं असं की नुसत्या शाळेच्या वर्षांवरून वाढीचं फार काही कळत नाही, पण मुलांना प्रत्यक्ष काय येतं त्यावरून खूप कळतं. लॅटिन अमेरिका हे त्याचं मोठं उदाहरण. १९६० ला तिथले लोक पूर्व आशियापेक्षा पैशाने पुढे होते आणि शाळेत काढलेल्या वर्षांनीही पुढे होते. चाळीस वर्षांनी पूर्व आशिया कुठल्या कुठे गेला आणि लॅटिन अमेरिका मागे राहिली, कारण तिथली मुलं वर्गात बसली पण शिकली कमी. मला हे वाचताना सारखा तो क्रेट दिसत होता.

कोरियाचं सांगतो, कारण मी त्यांच्या मशीनवर काम करतो आणि त्यांच्याबद्दल बरंच वाचलंय. १९४५ ला जपानी सत्ता गेली तेव्हा कोरियात लिहिता-वाचता येणारे साधारण २२ टक्के होते. आपल्याकडे १९५१ च्या जनगणनेत १८.३३ टक्के. म्हणजे सुरुवात जवळजवळ सारखीच, वर त्यांच्याकडे १९५० ते ५३ असं युद्ध झालं ज्यात अर्धा देश मोडून पडला. त्या युद्धातही तंबूत, उघड्यावर वर्ग भरत होते. युद्ध संपल्यावर त्यांनी सगळ्यात आधी एकच गोष्ट धरली, प्रत्येक मुलाचे प्राथमिकचे सहा वर्ग पुरे झाले पाहिजेत. पैसा नव्हता, एकेका वर्गात साठ-साठ मुलं, शाळा दोन पाळ्यांत, कुठे तीन पाळ्यांत. पण १९६० उजाडेपर्यंत प्राथमिकच्या वयाची जवळपास सगळी मुलं शाळेत होती. मग त्यांनी माध्यमिक धरलं, १९६९ पासून माध्यमिकची प्रवेश परीक्षा रद्द करायला सुरुवात केली. नंतर हायस्कूल. युनिव्हर्सिट्या खऱ्या अर्थाने फुगल्या त्या त्याच्यानंतर. खालून वर, एकेक मजला. आणि तिकडच्या शेतकऱ्यांचं आपल्यासारखंच, पोराच्या कॉलेजच्या फीसाठी बैल विकायचे, इतके विकायचे की युनिव्हर्सिटीला लोक बैलाच्या हाडांचा मनोरा म्हणायला लागले. हे वाचलं तेव्हा मला माझे आजोबा आठवले. वडिलांना डिप्लोमाला घालायला त्यांनी जोडीतला एक बैल विकला होता आणि त्या वर्षी दुसऱ्याकडून सावड करून पेरणी केली.

तंबूत बाराखडी शिकलेली ती मुलं १९७५ ला तिशीत होती. त्याच वर्षाच्या शेवटी ह्युंदाईची पोनी गाडी फॅक्टरीतून बाहेर पडली. इंजिनाचं तंत्र जपान्यांकडून घेतलं, डिझाइन इटालियन माणसाचं, पण ड्रॉइंग वाचून पार्ट बनवणारे हात त्या तंबूतल्या शाळांचे. आज तीच कंपनी आपल्या तळेगावला जनरल मोटर्सचा प्लांट विकत घेऊन बसली आहे आणि आम्ही त्यांच्या व्हेंडरच्या व्हेंडरची ऑर्डर मिळावी म्हणून धडपडतो. मला त्याचं दुःख नाही, काम ते काम. पण १९७० च्या सुमारास कोरियात साक्षरता ८७-८८ टक्के होती आणि आपल्याकडे १९७१ ला ३४.४५, हा फरक मनातून जात नाही. कोरियात सगळं शाळेनेच केलं असं मी म्हणत नाही, जमिनीचं वाटप झालं होतं, अमेरिकेची मदत होती, निर्यातीचं धोरण होतं, हुकूमशाही होती आणि तिने लोकांना त्रासही दिला. पण धोरण कितीही चांगलं असलं तरी ऑफसेट टाकणाऱ्याला दशांश कळत नसेल तर निर्यात कसली करणार.

आपण उलटं केलं. वरून खाली. १९५१ ला खरगपूरला पहिली आयआयटी, १९५८ ला पवईला, मला त्यांचा अभिमान आहे, आयटीच्या धंद्याने देशाला जो पैसा आणला तो त्याच वरच्या मजल्याने आणला. पण घटनेत १९५० ला लिहिलं होतं की दहा वर्षांत चौदा वयापर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देऊ, तो कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० ला. साठ वर्षं. दोन पिढ्या शेतात आणि विटभट्टीवर गेल्या.

आणि याचं जास्त वाईट यासाठी वाटतं की हे आपल्या माणसांनी कधीच सांगून ठेवलं होतं. १८८२ ला इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात स्पष्ट मांडलं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आधी प्राथमिक शिक्षण सगळ्यांना द्या. आजच्या भाषेत ते बजेटवरचं भाष्यच आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ ला सगळ्या बडोदा संस्थानात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तेच उदाहरण देत १९११ ला व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलमधे बिल आणलं, १९१२ ला मतदान झालं, बाजूने १३, विरोधात ३८. पैसा कुठून आणायचा हा सरकारचा प्रश्न, आणि जमीनदारांची वेगळीच चिंता की सगळे शिकले तर राबायला कोण येणार. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात सक्ती केली आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळात एक रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली. पश्चिम महाराष्ट्रात पुढे साखर कारखाने, दूध संघ, सोसायट्या टिकल्या त्यात सहकारी चळवळीचा वाटा मोठा आहेच, पण हिशोबाची वही वाचू शकणारा सभासद आणि गावातच तयार झालेला सेक्रेटरी कुठून आला याचाही कोणी तरी अभ्यास करावा असं मला फार वाटतं.

माझे एक स्नेही आहेत, त्यांचाही कारखाना आहे, ते म्हणतात अरे केरळ बघ. शंभर टक्के साक्षर म्हणून १९९१ ला जाहीर झालं, कारखाने कुठे आहेत? मुद्दा खरा आहे आणि टाळून चालणार नाही. केरळची माणसं शिकली आणि काम नव्हतं म्हणून आखातात गेली, पैसा मनीऑर्डरने परत आला. नुसत्या शिक्षणाने कारखाना उभा राहत नाही, वीज लागते, कर्ज लागतं, परवाने वेळेत लागतात. पण याच केरळात माणसं बाहेर जाऊन नर्स झाली, फोरमन झाली, अकाउंटंट झाली, कारण पाया होता. आमच्या पेठ-सुरगाण्याची माणसं बाहेर जातात ती निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत रोजंदारीला, कारण जवळ तेवढंच आहे. दोघंही घर सोडून जातात, हातात काय घेऊन जातात त्याचा फरक आहे.

दुसरे एक जण म्हणतात स्वस्त लेबर हीच आपली ताकद. मी त्यांना दरवेळी माझं रिजेक्शनचं रजिस्टर दाखवतो. कमी पगाराचा पण ड्रॉइंग न कळणारा माणूस मला स्वस्त पडलेला नाही, कधीच नाही. टूल मोडतं, माल परत येतो, कस्टमरच्या क्वालिटीवाल्यापुढे मान खाली घालावी लागते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो माणूस आयुष्यभर तिथेच राहतो, त्याची पोरंही तिथूनच सुरुवात करतात.

आज परिस्थिती काय आहे तर मुलं शाळेत आहेत, ही फार मोठी गोष्ट झाली आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे, पटनोंदणी झाली, पोषण आहार आला, मुलींच्या सायकली गावागावातून दिसतात. पण असर नावाचा घरोघरी जाऊन मुलांना काय येतं ते तपासणारा जो सर्व्हे २००५ पासून होतो तो सांगतो की ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, आणि तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागणं तर तिघांतल्या जेमतेम एकाला जमतं. २००९ च्या पिसा परीक्षेत, जी पंधरा वर्षांच्या मुलांची जगभर होते, आपल्याकडून तामिळनाडू आणि हिमाचल उतरले होते, म्हणजे चांगली समजली जाणारी राज्यं, आणि चौऱ्याहत्तरच्या यादीत ती अगदी तळाला आली. त्यानंतर २०१२, २०१५, २०१८ ला आपण बसलोच नाही. माझ्या कस्टमरने माझा माल रिजेक्ट केला म्हणून मी मायक्रोमीटर कपाटात ठेवून दिला तर मला धंदा करता येईल का? मोजलं पाहिजे, आणि जे निघेल ते बघायची तयारी ठेवली पाहिजे.

कोणी म्हणेल मुलांना नापास करणं बंद केलं म्हणून हे झालं. मला ते पटत नाही. नापास करून दशांश येत नाही, शिकवून येतो. आणि शिकवायचं कसं याचं उत्तर आपल्याच मुंबईत सापडलेलं आहे. १९९५ च्या सुमाराला मुंबईच्या वस्त्यांमधे प्रथम संस्थेचं काम सुरू झालं. पुढे त्यांनी मुंबईत आणि बडोद्यात बालसखी म्हणून प्रयोग केला, वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, आणि तिसरी-चौथीतली जी मुलं मागे पडली आहेत त्यांना रोज दोन तास बाजूला घेऊन त्यांना जिथपर्यंत येतं तिथून शिकवायचं. इयत्ता कुठलीही असो, मुलाला येतं काय तिथून सुरुवात. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी ते मोजलं आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. हेच दोघं पुढे २०१९ ला मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेलचे मानकरी झाले, बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी. त्याच डुफ्लोबाईंनी इंडोनेशियाचं काम केलंय. तिथे १९७३ नंतर तेलाचा पैसा आला तेव्हा सरकारने पाच-सहा वर्षांत ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, आणि वीस वर्षांनी तपासलं तर जिथे जास्त शाळा झाल्या तिथली मुलं मोठी होऊन जास्त कमवत होती. तेलाचा पैसा कशात घालायचा याचे शंभर पर्याय असतील त्यांच्यापुढे.

आणि आपल्याकडे? कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या धोरणातही सहाच टक्के लिहिलंय. मधली चौपन्न वर्षं तो आकडा एकदाही गाठला गेला नाही. महाराष्ट्रात २०२३ ला वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून जास्त शाळा होत्या, त्या एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं. हिशोबाच्या कागदावर ते बरोबर दिसत असेल, आठ मुलांना दोन शिक्षक परवडत नाहीत म्हणतात. पण ज्यांनी सुरगाण्याच्या डोंगरातले पाडे बघितलेत त्यांना माहिती आहे की पावसाळ्यात ओहोळ भरला की तीन किलोमीटरवरची शाळा म्हणजे बंद शाळा, आणि आधी बंद होते ती मुलीची. ज्यांच्या घरचे दिवाळीनंतर बागेला नाहीतर ऊसतोडीला जातात त्या मुलांचं तर वर्षच अर्धं होतं. माझ्या शॉपवरचा एक मुलगा ऊसतोड कामगाराच्या घरातला, त्याचं सगळं प्राथमिक असं तुकड्यातुकड्यात झालंय, तो सांगतो की गुणाकार शिकवला तेव्हा मी गावात होतो, भागाकार शिकवला तेव्हा फडावर. आणि खरंच त्याचा गुणाकार पक्का आहे आणि भागाकार येत नव्हता. एवढी सरळ गोष्ट आहे.

शिक्षकांबद्दलही बोलायला हवं. माझी सख्खी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. मतदार यादी, सर्व्हे, रोज ऑनलाइन भरायच्या माहित्या, आहाराचा हिशोब, फोटो अपलोड, यातून उरलेल्या वेळात चार वर्ग एकत्र घेऊन ती शिकवते. मी माझ्या सेटरला दिवसातून तीन तास कागद भरायला बसवला तर मशीन कोण बघणार? मला वाटतं शिक्षकाच्या डोक्यावरची ही कामं काढून घेणं हा कुठल्याही औद्योगिक धोरणाइतका महत्त्वाचा निर्णय आहे, आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

आमच्या उद्योगवाल्यांनाही माझं सांगणं आहे. असोसिएशनच्या प्रत्येक मीटिंगमधे स्किल्ड माणूस मिळत नाही ही तक्रार असते, मीही केली आहे. आयटीआयमधे नवीन मशीन द्या म्हणतो, ते द्यायलाच पाहिजे, पण आयटीआयला येणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो, त्याला तिथले सर मिलिंग शिकवणार की अपूर्णांक? दोन वर्षांच्या ट्रेडमधले सहा महिने त्यातच जातात असं तिथले इन्स्ट्रक्टर स्वतः सांगतात. आपण सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढलेला, पैसा शाळेच्या कमानीला आणि रंगाला देतो कारण फोटो चांगला येतो. त्याऐवजी गावातल्या बारावी झालेल्या दोन मुलींना वर्षभर मानधन द्या आणि तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांसोबत रोज बसू द्या. माझ्यासारख्या चोवीस माणसांच्या शॉपलाही ते परवडतं, मी गेल्या जूनपासून करतोय, म्हणून खात्रीने सांगतो.

आणि आपल्या पेपरला एक विनंती. राज्याच्या वाढीचा दर आपण पहिल्या पानावर छापता. वर्षातून एकदा, जून महिन्यात, त्याच पानावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात जिल्ह्याजिल्ह्यातल्या किती मुलांना वाचता येतं आणि भागाकार येतो हे पण छापा. नंदुरबारचं, गडचिरोलीचं, नाशिकचं, पुण्याचं, सगळ्यांचं. पालकमंत्र्यांना त्यावर प्रश्न विचारा जसे रस्त्याच्या खड्ड्यांवर विचारता.

आमचा तो सेटर आणि मी महिन्यातून दोन शनिवार त्याच्या गावच्या शाळेत जातो. मागच्या वेळी व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग मोजणारी पट्टी, नेला होता, चौथीच्या मुलांनी पेन्सिल मोजली, बांगडी मोजली, गुरुजींच्या चष्म्याची काच मोजली, आणि ७.२ आणि ७.०२ यात मोठं कोण यावर त्यांचं जोरदार भांडण झालं. एका मुलीने फळ्यावर जाऊन रुपये-पैसे करून सगळ्यांना समजावलं, हे तिला कोणी शिकवलं होतं ते मी ओळखलं. पुढच्या शनिवारी मायक्रोमीटर नेणार आहे. डोक्याचा केस किती जाड असतो ते मोजायचं मुलांनी ठरवलंय, आणि कोणाचा केस घ्यायचा यावर अजून एकमत झालेलं नाही.

आपला,
एक वाचक आणि लघुउद्योजक,
सातपूर, नाशिक